टॉवेलखालचा भाव आणि गुप्त नावं

सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार ज्यांनी बघितलाय त्यांना हे नव्यानं सांगायला नको. खिल्लार खोंड मधे उभा, घेणारा एका अंगाला, दलाल दुसऱ्या अंगाला आणि दोघांचे हात एका टॉवेलखाली. तोंडानं भाव कुणी बोलत नाही, बोटं बोलतात, किती बोटं धरली, कुठलं दाबलं यावर सगळं ठरतं आणि बाजूला दहा माणसं उभी असली तरी एकालाही कळत नाही. मी सहावीत असताना आईच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी एक खोंड विकला, तेव्हा मी सोबत होतो. दलालाचा हात आधी घेणाऱ्याच्या हाताशी टॉवेलखाली, मग तोच हात तोच टॉवेल घेऊन आजोबांच्या हाताशी. आजोबांना बोटांची भाषा चांगली यायची, उभा जन्म बाजार केलेला माणूस, पण घेणाऱ्यानं दलालाच्या हातात काय दाबलं ते त्यांना कळायची सोयच नव्हती. पुढं महिनाभरानं एका यात्रेत तो घेणारा भेटला, बोलता बोलता त्यानं दिलेला आकडा सांगितला, आणि त्या आकड्यात नि आमच्या हातात पडलेल्या आकड्यात दीड हजाराचा फरक निघाला. आजोबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हापासून कुठंही गुप्त खूण, सांकेतिक नाव, कोड असं काही दिसलं की माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की खोंड कुणाचा आहे आणि भाव कुणापासून लपवलाय.

मला गुप्त भाषेचा राग नाही, उलट लहानपणापासून भारी नाद. शाळेत आम्ही 'च'ची भाषा बोलायचो, पाणी म्हणजे 'चाणीप', सोलापूर म्हणजे 'चोलापूरस', मास्तरांना कळत नाही असं आम्हाला वाटायचं. जुन्या मराठी व्यापाऱ्यांची नंदभाषा तर फार सुंदर चीज आहे, आकड्यांची पूर्ण वेगळी नावं, एक म्हणजे केवली, दोन अवारू, तीन उधानू, चार पोकू, सात म्हणजे पवित्र आणि रुपया म्हणजे भुरका. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दोन व्यापारी आपसात भाव बोलून मोकळे. मोल्सवर्थच्या जुन्या शब्दकोशात हे शब्द नोंदवून ठेवलेत म्हणून आज आपल्याला माहिती तरी आहेत. आणि आपल्या सोलापुरात तर गंमतच वेगळी, हितं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषा गल्लीगल्लीत, त्यामुळं कापडाच्या दुकानात मालक नोकराशी तेलुगूत काही बोलला तर समोरची बाई पण तेलुगूतच उत्तर देते. म्हणून दुकानदारांनी अक्षरांचा कोड काढला, दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द घ्यायचा, एकेक अक्षर म्हणजे एकेक आकडा, आणि चिठ्ठीवर खरेदीचा भाव त्या अक्षरांत लिहायचा. यात मला फारसं वावगं वाटत नाही. माल त्याचा, खरेदी त्याची, गिऱ्हाईकाला पटलं तर घेईल नाहीतर पुढच्या दुकानात जाईल. खोंडाच्या बाबतीत तसं नव्हतं. तिथं ज्याची वस्तू त्यालाच भाव कळत नव्हता, आणि म्हणूनच बाजार समित्यांत उघड लिलावाचा नियम आला, कांदा असो नाहीतर तूर, बोली सगळ्यांच्या कानावर पडली पाहिजे. त्या नियमासाठी शेतकऱ्यांच्या किती पिढ्या टॉवेलखाली गेल्या असतील.

आता दुसरी गोष्ट सांगतो, ही आमच्या आत्याची. आत्याला दिलेलं घर चांगलं नव्हतं. मारहाण होती, पण माहेरी फोन करायचा तर सासू शेजारी बसून ऐकायची. मग आजीनं आणि आत्यानं दिवाळीला माहेरी आलेली असताना ठरवून ठेवलं, की फोनवर आत्या नुसती "शेंगाचटणी संपली" म्हणाली तर काही नाही, खरंच चटणी पाठवायची, पण "शेंगाचटणी संपली, जरा तिखट कमी घालून पाठव" म्हणाली तर वडिलांनी आणि काकांनी त्याच दिवशी निघायचं. आमच्या घरात कुणी कधी तिखट कमी खाल्लेलं नाही, म्हणून हे वाक्य चुकून येणं शक्यच नव्हतं. दोन वर्षांनी ते वाक्य आलं आणि त्याच संध्याकाळी आत्या घरी आली, ती परत गेली नाही. मला आजही वाटतं की आमच्या आजीइतका हुशार कोड कुठल्या लष्करी ऑफिसात बसणाऱ्यानं पण केला नसेल. शब्द साधा, ऐकणाऱ्याला संशय नाही, अर्थ फक्त दोघींना माहिती, आणि काम झाल्यावर आत्यानंच सगळ्या गल्लीला सांगून टाकलं की असं असं ठरलं होतं, म्हणजे बाकीच्या पोरींना पण उपयोग होईल.

आणि ह्याच महाराष्ट्रात खायच्याच पदार्थांचा दुसरा एक कोड चालत आलाय. सोनोग्राफी झाली की बाहेर बसलेल्या नातेवाईकांना "पेढा" किंवा "बर्फी" सांगायचं. पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा देशात सगळ्यात आधी केला, १९८८ ला, देशाचा कायदा १९९४ ला आला, पण कागदावर काही लिहायचं नाही, फक्त मिठाईचं नाव घ्यायचं, मग पुरावा कुठून आणणार. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४ राहिल्या. ह्या ज्या कमी झाल्या त्यातल्या कितीतरी अशाच कुठल्यातरी गोड शब्दाखाली गेल्या. चटणी आणि बर्फी, दोन्ही घरगुती शब्द, दोन्हीचा खरा अर्थ दोनचार माणसांनाच माहिती, पण एकानं एक बाई वाचली आणि दुसऱ्यानं जन्माच्या आधीच पोरगी गेली. म्हणून कोड वापरणं चांगलं का वाईट असा सरळ प्रश्न कुणी विचारला तर त्याला उत्तर नाही, कोण वापरतंय आणि कुणावर, ते आधी बघावं लागतं.

दुबळ्या माणसाला आडोसा देणारे कोड समाजानं जपलेच पाहिजेत. अत्याचार झालेल्या बाईचं नाव छापायचं नाही हा कायदा आहे, आधी भादंवि २२८अ होतं, आता न्याय संहितेत कलम ७२. एचआयव्हीच्या पेशंटची ओळख त्याच्या परवानगीशिवाय फोडायची नाही, २०१७ चा कायदा आहे. बोर्डाच्या पेपरला बारकोड लावतात म्हणजे तपासणाऱ्याला पोराचं आडनाव कळत नाही, आणि आपल्याकडं आडनाव कळलं की काय काय कळतं हे सगळ्यांना माहितीय. ह्यात लपवाछपवी आहे पण अन्याय नाही.

खरा वाद सुरू होतो सरकारच्या आणि फौजेच्या गुप्त नावांपाशी. तिथं बरेच जण म्हणतात की देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, त्यांना जे नाव ठेवायचं ते ठेवू द्या, आपण कोण विचारणार. माझं म्हणणं असं की मोहीम चालू आहे तोवर अजिबात विचारू नका, पण मोहीम संपल्यावर नक्की विचारा. कारण गुप्त नावाचं काम फक्त शत्रूला कळू न देणं एवढंच आहे, त्याच्यापुढं नाव गेलं की ते आपल्याच माणसांवर काम करायला लागतं.

चांगलं गुप्त नाव कसं असावं तर त्यानं काहीच सांगता कामा नये. १९४० मधे जर्मन विमानं रेडिओच्या किरणांवर दिशा धरून इंग्लंडवर बॉम्ब टाकायची, त्यातल्या एका यंत्रणेचं गुप्त नाव होतं वोटान. आर. व्ही. जोन्स नावाचा तरुण ब्रिटिश शास्त्रज्ञ, त्यानं जर्मन भाषेच्या जाणकाराला फोन करून विचारलं की वोटान म्हणजे काय, तो म्हणाला जुना जर्मन देव आहे, एका डोळ्याचा. एक डोळा म्हणजे एकच किरण असणार असा जोन्सनं अंदाज बांधला आणि नंतर तो खरा निघाला. नाव ठेवणाऱ्याला आपलं पुराणाचं ज्ञान आवरलं नाही आणि गुपित तिथंच फुटलं. उलट पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी लोखंडी गाड्या बनवल्या तेव्हा कामगारांना सांगितलं की पाण्याच्या टाक्या बनवतोय, टँक, आणि ते नाव इतकं साधं होतं की कुणाला शंका आली नाही. जगभर अजून तीच टाकी चालू आहे. मराठीनं मात्र रणगाडा म्हणलं, जे आहे ते.

आपल्या देशात १९९८ च्या पोखरणचं उदाहरण मला मनापासून आवडतं. डॉ. कलाम लष्करी गणवेशात मेजर जनरल पृथ्वीराज, डॉ. चिदंबरम मेजर जनरल नटराज, खड्ड्यांची नावं व्हाइट हाऊस, ताजमहाल, कुंभकर्ण. वरून अमेरिकेचे उपग्रह फिरत होते तरी कळलं नाही. पण त्यातली मोठी गोष्ट पुढं आहे. ११ मेला दुपारी पावणेचारला स्फोट झाले आणि त्याच संध्याकाळी पंतप्रधान वाजपेयी लोकांसमोर येऊन म्हणाले की भारतानं तीन अणुचाचण्या केल्या. टॉवेल उचलून हात दाखवला. स्फोट बरोबर होते का चूक, यावर मग देशभर भांडणं झाली, आणि ती झालीच पाहिजेत, पण भांडायला लोकांच्या हातात खरी माहिती होती.

१९७४ च्या चाचणीला मात्र स्मायलिंग बुद्ध हे नाव चिकटलं, ती बुद्धपौर्णिमेला झाली म्हणून असं सांगतात, पण चाचणी १८ मेला झाली आणि त्या वर्षी बुद्धपौर्णिमा ६ मेला होती. मला हे नाव कधीच पटलं नाही आणि आजही पटत नाही. सोलापुरात बुद्धपौर्णिमेला किती घरांत खीर होते, पांढऱ्या साड्या नेसून बायका विहारात जातात, त्या माणसाचं नाव बॉम्बला द्यायचं, ते पण हसणारा बुद्ध म्हणून. शास्त्रज्ञांच्या कामाबद्दल मला आदर आहे, माझा प्रश्न फक्त नावाचा आहे. ज्यांची श्रद्धा त्या नावावर आहे त्यांच्यापैकी कुणाला विचारलं होतं का?

नावाच्या ह्या बाजूबद्दल चर्चिलनं १९४३ च्या ऑगस्टमधे आपल्या अधिकाऱ्यांना एक चिठ्ठी लिहिली होती, चर्चिलबद्दल आपल्या मनात राग असायला शंभर कारणं आहेत, पण ती चिठ्ठी बरोबर होती. ज्या मोहिमेत पुष्कळ माणसं मरणार आहेत तिला बढाईखोर नाव देऊ नका, आणि थिल्लर नाव तर बिलकुल देऊ नका, कुठल्या आईला किंवा विधवेला असं सांगायची वेळ येऊ नये की माझा पोरगा अमुक नावाच्या मोहिमेत मेला आणि ते नाव म्हणजे नाचगाण्यातला फालतू शब्द. म्हणजे गुप्त नाव उद्या उघड होणार आहे आणि ते कुणाच्यातरी घरात उच्चारलं जाणार आहे हे त्यानं आधीच धरलं होतं.

आता तर उलटंच झालंय, मोहिमेचं नाव गुप्त राहतच नाही, पहिल्याच रात्री चित्रासकट जाहीर होतं. २०२५ च्या मे महिन्यात पहलगामच्या २६ मृतांनंतर ऑपरेशन सिंदूर हे नाव आलं तेव्हा माझ्या घरातल्या बायकांच्या डोळ्यात पाणी आलं, माझ्या पण आलं. त्या नावामागचं दुःख खरं होतं. तरीही मी हे लिहितो, की असं नाव ठेवलं की त्या मोहिमेबद्दल साधा हिशोबाचा प्रश्न विचारणं पण अवघड होऊन बसतं, विचारणारा माणूस जणू त्या बायकांच्या कपाळाकडं बोट दाखवतोय असं होतं. सैनिकाच्या कामाला माझा सलाम, पण लोकशाहीत नागरिकाला प्रश्न विचारायला जागा राहील असं नाव असावं, नुसतं कोरडं नाव सगळ्यात चांगलं.

आणि मग येतो आपल्या दारातला विषय. १३ सप्टेंबर १९४८. हैदराबाद संस्थानात फौज घुसली ती वेगवेगळ्या बाजूंनी, पण मुख्य धडक आपल्या सोलापुरातून निघाली, मेजर जनरल जे. एन. चौधरी, पहिली आर्मर्ड डिव्हिजन, रणगाडे, वरून विमानं. पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. १७ तारखेला संध्याकाळी निजामाची फौज थांबली, १८ ला शरणागती. फौजेच्या कागदात ह्या मोहिमेचं नाव ऑपरेशन पोलो, हैदराबादेत पोलोची मैदानं पुष्कळ होती म्हणून असं सांगतात. लोकांना मात्र सांगितलं गेलं पोलीस ॲक्शन. त्या नावामागं कारण होतं, हैदराबादनं प्रकरण युनोत नेलं होतं आणि हा आमचा घरातला मामला आहे हे जगाला दाखवायचं होतं. ते कारण मला समजतं. त्या वेळेपुरतं ते योग्य पण असेल.

वडिलांची आई नळदुर्गजवळच्या खेड्यातली. तेव्हा दहाअकरा वर्षांची. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या भीतीनं रात्री रानात, ज्वारीत झोपायचो, आई तोंडावर हात धरून ठेवायची, हे ती सांगायची तेव्हा तिचा आवाज सत्तर वर्षांच्या बाईचा राहायचा नाही. रझाकारांनी जे केलं ते विसरायची गोष्टच नाही, त्यांचा म्होरक्या कासीम रझवी, त्याच्या माणसांनी गावंच्या गावं लुटली, जाळली, आणि निजामाच्या जोखडातून सुटका झाली ती त्या पाच दिवसांमुळंच. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडा लागतो तो अभिमानानंच लागला पाहिजे. पण आजीच्या गोष्टीत एक जागा अशी यायची की ती म्हणायची, "मग ॲक्शन झाली," आणि थांबायची. शेजारी एक मुसलमान कुटुंब होतं, त्यांच्या पोरीसोबत ही खेळायची, तिचं नाव पण आजी घ्यायची. त्या घराचं पुढं काय झालं विचारलं की पुन्हा तेच, "ॲक्शन झाली ना मग." तिच्याकडं दुसरा शब्दच नव्हता.

नेहरूंनी त्यानंतर पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीला पाठवलं. त्यांच्या अहवालात लिहिलंय की कारवाईच्या दरम्यान आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मेली, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आत्ताचं धाराशिव, आपल्या शेजारचं. तो अहवाल सरकारनं छापला नाही. साधारण २०१३ ला दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना वाचायला मिळायला लागला. मधे पासष्ट वर्षं गेली. रझाकारांचे बळी आपण मोजले, त्यांची नावं घेतली, त्यांचे हुतात्मा स्तंभ उभारले, बरोबर केलं. दुसऱ्या बाजूचे बळी एका शब्दाखाली राहिले, आणि तो शब्द इतका साधा, पोलीस ॲक्शन, जणू चौकीतल्या हवालदारानं चार जणांना दटावून घरी पाठवलं.

ह्यावर मला हमखास ऐकायला मिळतं की जुन्या जखमा कशाला उकरायच्या, त्यातनं दंगे होतील. मला उलटं दिसतं. माहिती बंद असली की त्या जागेत अफवा भरते, एक बाजू म्हणते काहीच झालं नाही, दुसरी म्हणते लाखो मारले, आणि निवडणूक आली की दोघंही मोठ्यानं म्हणतात. उघड कागद असला की निदान भांडण कागदावर होतं.

आणि हे माझं एकट्याचं खूळ नाही, कायद्यात पण मुदत आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनेची माहिती काही अपवाद सोडून द्यायची असं लिहिलंय. सार्वजनिक कागदपत्रांचे १९९७ चे नियम आहेत, पंचवीस वर्षांनी कागद अभिलेखागारात. संरक्षण खात्यानं २०२१ ला स्वतःच धोरण केलं की युद्धांचा इतिहास वेळेत लिहायचा आणि कागद साधारण पंचवीस वर्षांत खुले करायचे. तरी १९६२ च्या चीन युद्धाचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल सरकारनं अजून खुला केलेला नाही. त्या युद्धात गेलेल्या जवानांची पोरं आता म्हातारी झाली, त्यांचा बाप का मेला हे त्यांच्यापासून लपवून आज कुठल्या शत्रूला फसवतोय आपण?

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आणि सोलापुरापुरती आहे. १७ सप्टेंबरच्या भाषणात पोरांना दोन्ही नावं सांगा, पोलो काय होतं आणि पोलीस ॲक्शन असं का म्हणलं. सुंदरलाल अहवालाचं मराठी भाषांतर शहरातल्या वाचनालयात टेबलावर ठेवा, रझाकारांच्या अत्याचाराच्या नोंदींच्या शेजारीच ठेवा, ज्याला वाचायचं तो दोन्ही वाचेल. फौज आपल्या गावातून गेली होती, तेवढं तरी आपण करू शकतो.

आजी गेली. त्या शेजारच्या पोरीचं नाव मला माहिती आहे, हितं लिहीत नाही, कारण ती किंवा तिची माणसं कुठं असतील तर ते नाव उघड करायचं का नाही हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. आजीच्या खेड्यात तिच्याएवढ्या दोन बायका अजून आहेत, एकीला ऐकू कमी येतं. सुगी उरकली की मी जाणार आहे, मोबाईलचा रेकॉर्डर घेऊन, आणि त्यांनी "ॲक्शन झाली" म्हणलं की तिथंच थांबून पुढचं विचारणार आहे.